फरकाचा रकाना

शिवाजीनगरच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
मी एका खंडाचा गहू मोजते.
डावीकडे आरंभीचा साठा, उत्पादन, आयात.
उजवीकडे खाणं, जनावरांचं खाणं, बियाणं, नासाडी, निर्यात
आणि अखेरचा साठा.
एकक हजार टन.
त्याच्या खालचं आम्हाला दिसत नाही.

साठ वर्षांच्या ओळी.
काही देश मध्येच फुटतात,
मग एका ओळीच्या पाच कराव्या लागतात
आणि जुना साठा वाटून द्यावा लागतो,
भावांनी भांडी वाटावीत तसा.
एका देशाने लढाईची तीन वर्षं काहीच कळवलं नाही.
तिथे टिंब टाकायचं, शून्य नाही.
हे मुजावर सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं :
"शून्य म्हणजे मोजलं आणि नव्हतं.
टिंब म्हणजे कुणी मोजायलाच गेलं नाही."

माझ्याआधी सत्तावीस वर्षं हा तक्ता त्यांचा.
फूटपट्टीने आखलेला, हिरव्या शाईचा.
पहिल्या ओळीला त्यांनी 'एक' लिहिलं नव्हतं,
'लाभ' लिहिलं होतं.
वडील भवानी पेठेत मापाडी.
पहिली पायली ओतताना मापाडी एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो,
मग दोन, मग तीन.
संगणकात भरताना ते मी खोडलं.
तिथे आकडाच चालत होता.

सगळ्यात शेवटी एक रकाना उरतो : फरक.
डावी-उजवी जुळत नाही. एकदाही जुळलेली नाही.
नियम असा, की फरक लपवायचा नाही,
दाखवायचा आणि पुढे जायचं.
सरांनी मात्र कडेला पेन्सिलीने
दर वर्षी काहीतरी लिहून ठेवलंय,
खोडता येईल इतकं फिकट.
'उंदीर?'
'सीमेवरून, रात्री?'
'लग्नं फार झाली असावीत.'
आणि एका वर्षी, एकशे बारा हजार टनांसमोर,
नुसतंच, 'चिमण्या.'

घरी जाताना सहकारनगरात खळदकरांच्या गिरणीत थांबते.
लोकवन, पाच किलो दोनशे.
दळून आला, पाच किलो साठ.
मी काही विचारलं नव्हतं.
खळदकरांच्या पापण्या, पंख्याची पाती,
कॅलेंडरातला आख्खा जानेवारी
पिठाने पांढरा.
"घट धरावी लागते, ताई," ते म्हणाले,
जणू मी खंडाचा हिशेब मागितला होता.

रविवारी कोंढव्याला गेले.
सरांची नजर जवळजवळ गेलीये.
"यंदा फरक किती?"
"तीनशे सहा."
"बरा आहे. फार कमी असता तर घाबरलो असतो.
म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून जुळवलाय."
मग थोड्या वेळाने,
"त्या तीन टिंबांचं काही आलं का?"

आलं होतं. गेल्याच महिन्यात.
सांगावं की नाही, ठरत नव्हतं.
"बियाणं," मी म्हणाले, "तीनही वर्षं, शून्य."
सरांच्या हातातली पोळी तशीच राहिली.
"मोजलं तर," ते म्हणाले.
आणि बऱ्याच वेळाने,
"खाल्लं त्यांनी."
फरीदाभाभी तिसरी पोळी वाढायला आल्या
आणि काही न बोलता परत गेल्या.

सोमवारी टिंबं काढून शून्यं भरली.
तीन. हात थांबला नाही, सवयीचा आहे.
खालची ओळ तेव्हा दिसली, चौथ्या वर्षाची,
कित्येक वर्षं तिथेच असलेली :
आरंभीचा साठा शून्य. आयात शून्य.
उत्पादन, १.

कुठल्या मडक्यातून, कुठल्या उशीच्या अभ्र्यातून,
कुणाच्या उपाशी पोटाआडून,
त्याला रकाना नाही.
समोर सरांच्या पेन्सिलीचंही काही नव्हतं.
ऑफिसात अजून कुणी आलं नव्हतं.
मी तो आकडा मोठ्याने वाचला,
भवानी पेठेत वाचला असता तसा.

लाभ.