हसण्याचं काम

त्या मालिकेत पोरं शाळेचं वर्तमानपत्र चालवायची.
काचेचं ऑफिस, फिरत्या खुर्च्या,
आणि कुणी काही बोललं की मागून हसू यायचं.
हसणारं कधीच दिसलं नाही.
हिंदीत आणलेली मालिका. ओठ एक म्हणायचे, आवाज दुसरंच.
आम्ही बघायचो जिंतुरात, तय्यबाच्या घरी,
लाइट असेल तेवढी,
तिची अम्मी मधेच शेंगांचं ताट सरकवून जायची.

तय्यबा म्हणाली, आपण पण काढू.
ती संपादक, कारण अक्षर.
वैजनाथ चित्रकार, कारण त्याचा बाप
टेम्पोच्या मागं नावं रंगवायचा.
मथुरा घुगे बातमीदार,
कारण ती कुणालाही विचारायची, काहून?
मी उरलो.
तू मागं उभा राहून हसायचं, म्हणाले.

मी मनावर घेतलं.
शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेत बैठक,
मी सांगाड्याशेजारी.
डिंक सांडला, हसलो.
शीर्षकात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, हसलो.
"आत्ता नको बे," वैजनाथ म्हणायचा,
मी त्यावरही.

नाव ठेवलं 'घंटा'.
मुख्याध्यापकांना दुसरा अर्थ कळला नाही,
किंवा कळला आणि त्यांनी सोडून दिला.

पहिला अंक पिवळ्या कार्डशीटवर, व्हरांड्यात.
सेलूशी हरलेला कबड्डीचा सामना,
हरवलेला कंपास, सापडलेली चप्पल (एक),
आणि उजव्या कोपऱ्यात मथुराच्या चार ओळी:
मुलींच्या संडासाला कडी नाही.
एकीने आत जायचं, एकीने दार धरायचं.
दार धरणारीचा तास बुडतो.
या आठवड्यात बुडाले: एकवीस.

मुळावकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला,
वाचलं,
आणि तेवढाच कोपरा फाडला,
पट्टी लावल्यासारखा सरळ.
व्हरांडा गप्प.
आणि मी हसलो.
सवय.

"कोण हसलं?"
कुणी बोलेना.
मग वैजनाथ, जमिनीकडं बघत:
"मागून येतं, सर. दिसत नाही कुणी."

दुसऱ्या अंकात तय्यबानं तिथंच
काळ्या शाईनं चौकट आखली.
आत काही नाही.
बाकीचा अंक कुणी वाचला नाही त्या आठवड्यात.
बुधवारी चौकटीत पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं: चोवीस.
गुरुवारी, वेगळ्या अक्षरात: सत्तावीस.
शुक्रवारचा आकडा मला लागला नाही,
आठवीतल्या पोरी समोर उभ्या होत्या, हलेनात.

सोमवारी सटवाजीमामा
पेचकस कानावर अडकवून मागच्या बाजूला गेला.
कुणी पाठवलं, सांगितलं नाही त्यानं.
विचारलं तर म्हणाला, "काय करूलालाव इथं? तासाला जा."

तिसरा अंक निघाला नाही.
दहावी आली. ती मालिकाही
शेवट न दाखवताच बंद झाली.

परवा मथुराची इलेक्शन ड्यूटी होती,
केंद्र नेमकं तीच शाळा.
रात्री साडेअकराला तिनं आवाज पाठवला,
दोन सेकंदांचा, शब्द एक नाही.
खट्.

मी जिल्ह्याच्या दैनिकात बसलो होतो,
शेवटचं पान सोडायचं होतं,
काचेपलीकडं संपादक फोनवर कुणाला तरी
हो साहेब, हो साहेब, म्हणत होते.
पुन्हा लावला. खट्.
आणि हसलो.
सगळ्यांनी वळून बघितलं.