गल्लीच्या या टोकाकडून

आधी मला तिचे बूट माहीत झाले.
चेहरा दोन वर्षांनी.
टोलेडो, सदतीस सालचा हिवाळा, हंगेरियन वस्तीतलं तळघर.
मी चौदा वर्षांचा, डावामागे पाच सेंट,
खड्ड्यावरच्या कठड्यावर पाय वर घेऊन बसलेला.
समोर साठ फूट घोटलेलं लाकूड
आणि आडव्या फळीखालून
दिसतील तेवढेच पाय.

फळ्यावर तिचं नाव मावायचं नाही.
एटेल्का साबादोश. म्हणून खडूनं नुसतं ‘एटी’.
दिवसा ती काचेच्या कारखान्यात
पेले उजेडाला धरून बुडबुडे शोधायची,
रात्री इथं.

बाप्यांचे गोळे दणदणत यायचे,
पिनांनी त्यांचं घोडं मारल्यासारखे.
तिचा यायचा
चर्चला उशीर झालेल्या बाईसारखा,
भिंतीच्या कडेकडेनं, कुणाला धक्का न लावता,
आणि आपल्या बाकापाशी एकदम आत.
मग दहाच्या दहा.
मी मांडायचो, ती मोडायची.
मी पुन्हा मांडायचो.

संघटनेच्या पुस्तकात एक ओळ होती: खेळ गोऱ्यांपुरता.
मांडण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

कोलंबसला जिंकली. बक्षीस इस्त्री.
डेट्रॉइटला जिंकली. इस्त्री.
पुरुषांना त्याच गल्ल्यांवर रोख डॉलर.
चौथी इस्त्री तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून
खड्ड्याच्या दारातून आत सरकवली,
‘तुझ्या आईला.’
तेव्हा चेहरा पाहिला. काही विशेष नव्हता,
नाक सर्दीनं लाल.
माझी आई लोकांचे शर्ट कडक करून द्यायची
हे तिला कुणी सांगितलं, अजून कळलेलं नाही.

लग्न केलं तिनं, एकदा, एका ट्रकवाल्याशी.
ते टिकलं नाही.
त्यानं दिलेला गोळा टिकला.

एकदा कुलूप लावायच्या आधी म्हणाली,
‘अल्फियस, आज तू टाक. मी मांडते.’
भोकं तिच्या बोटांच्या मापाची,
माझा अंगठा आत अडकला,
गोळा सुटला तो थेट नाल्यात.
पलीकडून तिचा आवाज आला, ‘अजून एक.’
मी टाकला नाही.
का, ते विचारू नका.

आणि शेहेचाळीसचा मार्च.
ओळीनं अकरा वेळा दहाच्या दहा.
बिअरवाल्यानं नळ बंद केला.
बारावा गोळा आला, कडेकडेनं, वळला,
नऊ पडल्या.
कोपऱ्यातली दहावी डोलली,
विचारात पडल्यासारखी,
आणि राहिली उभी.
दोनशे नव्याण्णव.

साचा मी दाबला होता.
दांडी मी सोडली होती.
एक क्षण आधी?
त्याच वर्षी ती देशात पहिली आली,
रेडिओवाल्यानं नाव तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारलं,
नगरपालिकेनं मोटारीतून फिरवलं.
माझ्या डोक्यात मात्र ती पिन
नडगीवरच्या जुन्या खुणेसारखी.

पन्नास साली ती ओळ खोडली.
माझे गुडघे तोवर साठीचे झाले होते.
मग यंत्रं आली. छान मांडतात,
कुणाच्या इस्त्रीचं देणं लागत नाहीत.

एक्याऐंशीत गेलो तिच्याकडे.
अंगठ्याचं पेर सुपारीएवढं सुजलेलं,
गोळा दाराला टेकण म्हणून.
पस्तीस वर्षं गिळलेलं विचारून टाकलं.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
‘मला तिकडून फक्त हात दिसायचे तुझे,’ म्हणाली,
‘घाई नसायची त्यांना.’
एवढंच. हो नाही, नाही नाही.

मग उठली, फडताळातून पेला काढला,
खिडकीच्या उजेडाला धरून
सावकाश फिरवला, एकदा, दोनदा,
आणि मगच
पाणी ओतलं.