पंप क्रमांक चार

"पंप क्रमांक चार, कृपया हेल्मेट काढा."
दिवसातून वीसदा म्हणते मी हे माइकमध्ये,
आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत,
आणि बाहेर बालाच्या तळ्यावरून येणारा वारा
दोन्ही भाषा सारख्याच फाडून टाकतो.

चारवर इद्वल आहे. त्र्याहत्तर वर्षांचा.
स्लेटच्या खाणीत त्याचे कान गेले,
बाकी सगळं शाबूत आहे असं तोच सांगतो.
त्याला ऐकू जात नाही म्हणून मी काचेतून खुणा करते:
दोन्ही हात डोक्याशी, मग वर,
जणू मीच कुणाला शरण जातेय.

मग सुरू होतं त्याचं उतरवणं.
डावा हातमोजा दातांनी. मग उजवा.
चष्मा काढून टाकीवर.
हनुवटीखालची कडी,
बोटांची लाकडं झालेली, सापडते, निसटते, सापडते.
हेल्मेटवर मागे पांढऱ्या रंगात इ. प.,
ते निघतं, आणि सोबत कानातलं यंत्र
डिझेलच्या डागात, शेंगदाण्याएवढं.
तो वाकतो.
मागची लँडरोव्हर हॉर्न देते,
तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

शेवटी चार केस, चारही उभे,
आणि मी लहानपणापासून ओळखते तो चेहरा
माझ्याकडे वळवून धरतो,
नाक्यावर कागद दाखवावेत तसा.
मी बटण दाबते.

"हा नियम काढला कोणी गं, नेरिस?"
"वरून आला," मी म्हणते,
आणि त्याला पावती देते.

वरून नाही आला.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. बंद करायला दहा मिनिटं.
तो आत आला तेव्हा डोकं उघडं होतं, केस ओले.
शाळेच्या बसची वाट बघत इथेच उभा राहायचा,
गोळ्यांचे पैसे पुरले नाहीत तर मी वरचे घालायची.
"आन्टी नेरिस," म्हणाला सवयीने,
आणि मग छिन्नी पुढे केली.
जुनी, स्लेट फोडायची.
मुठीवर तापल्या खिळ्याने डागलेली दोन अक्षरं.

पोलीस म्हणाले, चेहरा?
मी म्हटलं, हेल्मेट होतं.
काळं. काच खाली.
गाडी? नुसता आवाज ऐकला.
इतकं सरळ आलं तोंडातून
की क्षणभर मलाही तो आवाज ऐकू आला.

दोनशे चौदा पौंड, सिगारेटची आठ पाकिटं.
महिन्याभरात कंपनीची पाटी आली, पिवळी,
हेल्मेटवर आडवी लाल रेघ.
मीच चिकटवली. जुन्या बँकेच्या कार्डाने घासून घासून,
आत बुडबुडा राहू नये म्हणून.

तेव्हापासून सगळे काढतात.
रविवारी लिव्हरपूलहून येणारे, घामेजलेले, हसत.
बँगोरच्या इस्पितळात रात्री रक्त पोचवणारी मुलगी,
तिच्या पेटीवर 'तातडीचे' लिहिलंय,
तीही काढते, वेणी सावरते, पुन्हा घालते.
एक जण भांडला: मी चोर दिसतो का?
चोर कसा दिसतो ते मला चांगलं ठाऊक आहे,
असं मी म्हणाले नाही.

तो पोरगा आता रेक्सहॅमला छपरं घालतो.
इद्वलच सांगतो, सुटे मोजताना.
"लागला बाबा मार्गाला."
"बरं झालं," मी म्हणते. खरंच बरं झालं.

आज गारा पडताहेत. चारचा दिवा लागलाय.
तो हातमोज्यांसकट उभा आहे टाकीपाशी,
काच तेवढी वर केलीय, दोन बोटं,
डोळे दिसण्यापुरती.
वर छताला कॅमेरा.
माझा एक हात माइकवर आहे.