सदोष

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा पाहिल्या.
मोजल्या नाहीत, पाहिल्या.
शाई केसभर सरकली, कडेला ठिपका सांडला
की बोट आपोआप तो कागद उचलायचं
आणि बाजूच्या ढिगात टाकायचं.
संध्याकाळी तो ढीग कुठे जायचा
ते सगळ्यांना ठाऊक होतं,
कुणी विचारायचं नाही.

निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला, जुना.
पट्ट्याला आधीच्या मालकाच्या घामाचा वास.
सून म्हणाली, फोन आहे ना तुमच्याकडे.
आहे.

पहिला महिना असा गेला:
गंगेवरचा बुधवारचा बाजार,
मेथीच्या जुड्या आणि मागे डोकं नसलेली बाई.
पुढच्या फोटोत डोकं आलं, मेथी गेली.
कपालेश्वराच्या पायऱ्या डावीकडे कलंडलेल्या,
जणू सगळं पंचवटी होडीत बसलंय.
पांडवलेण्याच्या दारात नवऱ्याला उभं केलं
तर मागचं आभाळ लख्ख आणि नवरा कोळसा.
ते म्हणाले, हुबेहूब आलोय.

दूध बाजारात अन्वर मणियारांचा स्टुडिओ.
निळा पडदा, एक स्टूल, केस विंचरायला दोरीला बांधलेला कंगवा.
त्यांनी माझे चारशे फोटो पाहिले
एकेक करून, चहा गार होईपर्यंत.
मग म्हणाले,
"खैरनारबाई, तुम्ही माणसांना घाबरता.
तीन पावलं पुढे जा.
मग आणखी एक.
आणि वर्षभर एकही फोटो पुसायचा नाही.
खराब आलेला तर मुळीच नाही."

पुसायचा नाही.
हे माझ्या बोटाला कोण सांगणार?

रात्री सगळे झोपले की मोरीत नळ सोडून बसायचे.
सेकंदाचा पाचशेवा भाग: थेंब सुटे, माळ तुटल्यासारखे.
पंधरावा भाग: तीच धार लोकरीची.
पाणी तेच, नळ तोच, वायसर गेलेला.
मी वहीत आकडे लिहीत गेले
पाळीच्या नोंदी लिहायचे तसे,
तारीख, वेळ, शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच काय लिहावं कळेना.

मग एका सकाळी तांबट आळी.
ठोक्यांनी आळी सुरू होते, दिसते नंतर.
अंबादासशेठ हंड्यावर वाकलेले.
तीन पावलं गेले.
आणखी एक टाकलं
तर मान वर न करता म्हणाले,
"बाई, उजेड अडवू नका.
ठोका कुठे बसला ते मला चमकेवरून कळतं."

मी बाजूला झाले, भिंतीला टेकून.
आणि तिथून दिसलं ते काय ते असं सांगता येत नाही,
दारातून आलेली ऊन्हाची पट्टी
हंड्याच्या पोटावरून घरंगळत होती
आणि हा माणूस तिच्या मागोमाग हातोडी टाकत होता.
चाळीस वर्षं हा उजेड वाचतोय
आणि मी कालपर्यंत नळाखाली बसलेले.

दाबलं बटण.
रात्रीचा आकडा तसाच राहिलेला, पंधरावा भाग.
हंडा स्वच्छ. हाताच्या जागी
एक तांबूस फराटा, कोपरापासून पुढे कुणीच नाही.
सदोष.
अंगठा कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर गेला,
तिथेच राहिला.

"दाखवा," म्हणाले.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"हात कुठाय माझा?"
"हलला."
"हलणारच."
मग नखाने स्क्रीनवर एका जागी टकटक केलं.
"हा पोचा राहिलाय की इथे,"
आणि हंडा फिरवून पुन्हा मांडीशी घेतला.

मला तो मघाशीच दिसला होता.
बोलले नाही.
उजेड तिथे येऊन
जरासा थांबला होता.