मागचा रस्ता

दुपारी तीनची जुनी मालिका. स्टॉकपोर्ट. बाहेर भुरभुर.
फोन ठेवताना यांच्यात कुणी
"बरं, ठेवते हं" म्हणत नाही.
चहा ओततात, पीत नाहीत.
आणि बॅगा!
नवऱ्याला सोडून निघालेली बाई
बॅग उचलते कोथिंबिरीच्या जुडीसारखी.
मी तेवीस किलो घेऊन आले होते,
त्यात पोळपाट.
मला नका शिकवू.

शेजारची डोरीन खुनाकडे बघतच नाही.
"थांबव, थांबव." मी थांबवते.
इन्स्पेक्टरच्या कानामागे, धूसर,
केव्हाच पाडलेलं एक दुकान,
दारात अ‍ॅप्रन झटकणारा कुणी.
"आमचे बाबा असतील," म्हणते. "नसतीलही.
जरा मागे घे."

चार वेळा झटकायला लावला त्याला तो अ‍ॅप्रन.
खुनी कोण, ते राहिलंच.
आणि चहा,
आमचाही.