किती मोजलं?

दोघंही बुडतात. इथपर्यंत सारखं.

टिबुकली आधी पिसं अंगाशी आवळते,
पिसांतली हवा पिळून टाकते,
जड होते, आणि
डुबुक.
कळंब्याच्या पाण्यावर एक वर्तुळ उरतं,
तेही फार वेळ नाही.

पाणभुंग्याचं उलटं.
तो बूड वर करून येतो,
पंखांच्या टोपणाखाली हवेचा एक थेंब भरतो
आणि शिदोरी बांधून निघाल्यासारखा
खाली जातो.
हवा त्याला वर ओढते. तो शेवाळाची काडी धरून बसतो.
खाता खाता ती शिदोरी पाण्यातूनच
थोडी थोडी भरत राहते,
पण संपते त्याहून कमीच.

मी कॉलेजात एकतीस वर्षं
भुंग्यांच्या बरण्या पुसल्या.
फॉर्मॅलिनमध्ये एकाच्याही पंखाखाली
बुडबुडा दिसला नाही.

कोटीतीर्थावर दस्तगीरचाचा
माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचे.
दोन उन्हाळे मी डब्यासकट पोहलो.
तिसऱ्याला त्यांनी दोरी सोडली, म्हणाले,
"श्वास सोड की रं.
धरून ठिवलास तर वरच ऱ्हाशील."
स्वतः ते तळातून
कुणाकुणाच्या सुटलेल्या कळश्या आणायचे,
वर आले की पहिलं विचारायचे,
"किती मोजलं?"
मी दोन-चार आकडे वाढवून सांगायचो.

आता त्यांच्या खाटेशी लोखंडी नळकांडं आहे.
बाटलीतल्या पाण्यात रात्रंदिवस
गुडगुड, गुडगुड.
सून म्हणते, झोप लागत नाही त्या आवाजानं.
मला मात्र तिथं बसलं की
डब्याची दोरी पाठीला काचते.

सकाळी तळ्यावर जातो,
टिबुकली बुडाली की मोजतो,
संध्याकाळी त्यांना आकडा देतो.
"बावीस?" नळी नाकावरून सरकवून ते हसतात,
"पोर हाय अजून."
भुंग्याचंही सांगितलं एकदा.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "शेवाळ धरून बसतो म्हणालास न्हवं?
हुशार हाय."

आज एकोणीसवर ती वर आली,
मी बघत होतो त्याच्या बरंच डावीकडं.
चोचीत काहीतरी काळं, वळवळणारं.
मान झटकली, गिळलं.
काय होतं ते इतक्या लांबून कळलं नाही.

संध्याकाळी मी फक्त आकडा सांगितला.
दोन वाढवून.