अठ्ठेचाळीस

पलटणीत आजोबांना नाव नव्हतं.
एका कंपनीत चार जितमान पुन,
साहेबानं हाक मारायची कशी?
मग नंबरातले शेवटचे दोन आकडे धरले, झालं.
आजोबा अठ्ठेचाळीस.
नदीपलीकडच्या डोंगरावरचा जितमान, चौऱ्याऐंशी.

बर्मातल्या त्या टेकडीलाही नाव नव्हतं,
नुसती उंची होती, फुटांत.
तिथं एका रात्री एका माणसानं
तिघांना पाठीवर घेऊन खाली आणलं
आणि चौथ्यासाठी तो परत वर गेला.
एवढं सगळ्यांना मान्य आहे.
भांडण पुढचं.

पदक गेलं चौऱ्याऐंशीच्या घरी,
पदकामागून दर महिन्याचे पैसे.
आमच्याकडे आला एक शब्द, बेपत्ता,
आणि सुईदोऱ्याची पिशवी, जी आजोबांची नव्हती.
त्यांना टाका घालता येत नसे, बोजू म्हणायची,
बटणं मीच लावत होते.

बोजूनं एकवीस अर्ज केले, सगळे अंगठ्यानं.
पोखऱ्याच्या लेखनिकाला दर खेपेला एक कोंबडी,
तिकिटांसाठी तूप विकायचं.
जाड कागदावर उत्तर यायचं:
दोन साक्षीदार हवेत, पैकी एक अधिकारी.
अधिकारी त्याच टेकडीवर आहे,
आमच्या माणसाशेजारी.
विचारा की त्याला.

दर दसैंला चौऱ्याऐंशी चढ चढून यायचा,
बोकडाची एक तंगडी कुंपणाच्या दगडावर ठेवायचा
आणि बाहेरच बसायचा.
बोजू ती शिजवायची, आम्हाला वाढायची,
आणि खाता खाता त्याला शिव्या द्यायची.
उपाशी राहून पदक मिळतं होय?

एकदाच बोलला, रक्सी चढल्यावर, तेही कुंपणाला:
त्या रात्री मी खाली तळावर होतो. हिवताप.
अंगावर चार कांबळी.
साहेबाला सांगितलं, मी नव्हतो.
साहेब म्हणाला, राजाचा कागद चुकत नसतो,
सलाम कर.
केला.

आता दोघंही नाहीत, बोजूही नाही.
मी बेनीच्या शाळेत तिसरीला गणित शिकवते.
परवा म्हटलं, लिहा रे, अठ्ठेचाळीस,
आणि अर्ध्या वर्गानं लिहिलं
आठ, मग चार.
जसं ऐकलं तसं.
खडू हातातच राहिला माझ्या.
चिखलात, तारेच्या खरखरीत,
कुणा परक्या कानानं असंच ऐकलं असणार.
साठ वर्षं आम्ही त्या घरचं पाणी प्यायलो नाही.

काल नदी ओलांडून गेले.
चौऱ्याऐंशीची बायको, धनकेसरी, उन्हात मका सोलत होती.
अर्ज वाचून दाखवला, बाविसावा.
तिनं मुकाट्यानं अंगठा उमटवला.
मग पटुक्यातून पदक काढलं.
दर सणाला राखेनं घासून घासून
कडेवरचा आकडा पार झिजलाय,
बोटाला लागतं ते फक्त
जितमान पुन.

पैसे थांबतील का गं, तिनं विचारलं.
सून आजारी आहे.
मी म्हटलं, माहीत नाही.
तिनं मला दोन कणसं दिली.

अर्ज पिशवीत आहे.
टपालाची गाडी गुरुवारी जाते.